हजारात सात वेळा

३ जून, मंगळवार

कोड तपासणारी ती टेस्ट आजही पडली! माझ्या लॅपटॉपवर हजारात हजार वेळा पास, आणि एआरएम प्रोसेसरच्या मशीनवर हजारात सात वेळा फेल. ते मशीन टेस्टिंगला गेल्याच आठवड्यात मिळालं, आणि आल्या आल्या हे! कुठल्या शहाण्यानं ही टेस्ट लिहिलीय देव जाणे.

फेल होतो तो कोड मात्र गोकुळचा. माझा धाकटा भाऊ. शेंद्र्यातल्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आमच्या या सॉफ्टवेअर लायब्ररीसाठी कोड लिहीत बसायचा — फुकट, हौसेनं. जानेवारीत जालना रोडवर ट्रकनं उडवलं त्याला.

प्रोजेक्ट सांभाळणारा मिहिर म्हणतो, "शुक्रवारपर्यंत सुटलं नाही तर गोकुळची ती फाईल काढून टाकू." रेशनकार्डावरून गोकुळचं नाव अण्णांनी मागच्या महिन्यात कमी करून आणलं. आता या फाईलच्या डोक्यावर तेवढं उरलंय. नाही काढू देणार!

४ जून

दिवसभर तेच. काही सापडत नाही. जेवताना रडू आलं.

५ जून

दौलताबादला घरी जाऊन गोकुळचा बोर्ड आणला — तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यातही एआरएमच. आईनं तो चार महिने चालूच ठेवलाय. लाईट गेली की येईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहते म्हणे. "ने, पण त्याचा लाल दिवा बंद नको करू गं." प्लग मीच काढला. तिनं तोंड फिरवलं.

अण्णा पिशवी देत म्हणाले, "लई जपत व्हता त्याला. नीट ने."

६ जून

सापडलं. कोड आधी माहिती लिहितो, मग 'तयार' अशी खूण करतो. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर हा क्रम पाळतो. एआरएम घाईत कधीकधी खूण आधी दाखवतो. मध्ये 'आधीचं पुरं कर' सांगणारी एक ओळ लागते.

ती ओळ होती! नोव्हेंबरपर्यंत होती. मी काढली, त्याचा कोड तपासताना. जुनी चर्चा उघडली तर माझेच शब्द — "टेस्ट पास होतायत ना? मग ही ओळ कशाला? उगीच डिप्लोमावाल्यांची भीती!" सगळ्यांसमोर लिहिलं होतं. मी इंजिनियर ना!

खाली त्याचं एवढंच — "व्हय ताई."

लाज वाटते. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

६ जून, संध्याकाळी

ओळ परत घातली. त्याच्याच बोर्डवर टेस्ट दहा हजार वेळा चालवली. सगळ्या वेळा पास. मिहिरला कळवलं — चूक गोकुळची नव्हती, माझी होती. फाईल राहिली. आनंद होत नाही.

८ जून, रविवार

टेस्ट लिहिणाऱ्या त्या शहाण्याचे आभार मानावेत म्हणून नाव शोधलं.

गोकुळ. तारीख २८ जानेवारी — अपघाताच्या दोन दिवस आधीची. सोबत नोंद — "ताईसाठी. तुझ्या मशीनवर नाय दिसणार. रविवारी घरी ये, माझ्या बोर्डवर दाखवतो."

बोर्ड घेऊन घरी निघालेय.