फाईलचा मालक कोण?

४ मार्च, सोमवार
संकल्प: यापुढे कॉम्प्युटरसाठी कुणाचेही पाय धरायचे नाहीत. साडूंचे तर नाहीतच. गेल्या महिन्यात हिच्या कॉम्प्युटरवर मी स्वतः विंडोजसारखं पण फुकट मिळणारं लिनक्स टाकलं, ते काय त्यांना विचारून? हिचा पीएचडीचा प्रबंध येत्या सोमवारी विद्यापीठात द्यायचाय. पन्नाशीनंतर घेतलेला ध्यास. आता फक्त संदर्भसूची लावणारं सॉफ्टवेअर हवंय. म्हटलं, चहा उकळेपर्यंत टाकून देतो.

दुपारी. चहा गार. पासवर्ड मागतो, पण टाइप केलेलं एक अक्षर उमटत नाही. कीबोर्ड गेला. नवा आणला.

संध्याकाळी. नव्यावरही उमटत नाही. नेटवर वाचलं की पासवर्ड दिसू नये अशीच सोय आहे. हिला सांगितलं, जुना कीबोर्ड तसाही खिळखिळा झाला होता.

५ मार्च, मंगळवार
सॉफ्टवेअर चालेना. 'परमिशन डिनाइड'. माझ्याच घरात मला परवानगी नाही!
मग शोध लागला. कमांडच्या आधी 'सुडो' लिहायचं, की साहेबाच्या अधिकारात काम होतं. आता सरसकट सगळ्याला सुडो लावतो. हिचा प्रबंधही सुडोनेच उघडला, संदर्भसूची लावली, सेव्ह केला. चुटकीसरशी. साडूंना फोन करून सहज कानावर घालणार होतो, पण मोठेपणा मिरवणं आपल्या स्वभावात नाही.

६ मार्च, बुधवार
ही म्हणाली, प्रबंध सेव्ह होत नाहीये. फाईलचा मालक तपासला. मालक: रूट. हा रूट कोण? नेट म्हणतं, सुडोवाला साहेब तो हाच. कॉम्प्युटर आमचा, प्रबंध हिचा, आणि मालक हा? कानामागून आला आणि तिखट झाला.
हिने विचारलं, भाऊजींना बोलावू का. भाऊजी म्हणजे साडू. मी म्हणालो, एका कमांडचं काम आहे, त्यांना कशाला त्रास.
एकच फाईल सोडवण्यापेक्षा मुळावरच घाव घातला. अख्ख्या डिस्कला मालक म्हणून माझं नाव दिलं. खूप दिवसांनी मालक असल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी. सुडो चालत नाही. म्हणतो, माझा मालक रूटच हवा. बरं बाबा, घे तुझा रूट. पण तो परत द्यायलाही सुडो लागतं. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

७ मार्च, गुरुवार
बंद करून चालू केला. निम्मे आजार तेवढ्याने जातात म्हणे. स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करतेय.
हिने शांतपणे विचारलं, पेनड्राइव्हवर प्रत आहे ना. आहे म्हणालो.
लिनक्स टाकायला मी ड्रॉवरमधला निळा पेनड्राइव्ह घेतला होता. तो आधी पूर्ण पुसावा लागतो. त्यावर हिच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. खाचेत अडकत होती म्हणून न वाचताच सोलून टाकली.
जेवण गेलं नाही.

८ मार्च, शुक्रवार
हिला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात नळ सोडून नुसती उभी राहिली. मग बहिणीला फोन लावला. मी दाराआड ऐकत होतो. मला शिव्या नाही दिल्या. एवढंच म्हणाली, यांना वाटतं यांना येतं गं.
आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. प्रबंध मिळू दे. बाकी काही नको.

९ मार्च, शनिवार
साडू आले. चपला काढायच्या आत विचारलं, नक्की कोणती कमांड दिलीत. मी म्हणालो, मशीनच जुनं झालंय.
त्यांनी दुसऱ्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला. प्रबंध जागच्या जागी होता. एक स्वल्पविरामही हलला नव्हता, फक्त मालक बदलला होता. खुर्चीची पाठ धरून उभी असलेली ही मटकन खाली बसली आणि आत्ता कुठे रडली. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं.
साडूंनी सगळं नव्याने टाकलं. मालक म्हणून हिला केलं. माझं वेगळं खातं काढलं: हिच्या फाइली मला वाचता येतील, बदलता येणार नाहीत. मी म्हणालो, उत्तम, मीही हेच सुचवणार होतो.

११ मार्च, सोमवार
प्रबंध दिला. दोघी बहिणी बाहेर जेवायला गेल्यात. मी माझ्या खात्यातून आभाराचं पान उघडलं. मार्गदर्शक, ग्रंथपाल, बहीण, भाऊजी. सगळ्यात शेवटी: 'माझ्या यजमानांची मी विशेष ऋणी आहे. अखेरच्या दोन दिवसांत त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही.'
पुन्हा वाचलं. 'विशेष ऋणी' छान आहे. पण पुढच्या वाक्याने वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. 'तांत्रिक साहाय्य' हे शब्द घाईत राहून गेले असणार. हिला आल्यावर कशाला त्रास द्यायचा? मीच वाक्य दुरुस्त केलं आणि सेव्ह दाबलं.
परवानगी नाही.