पॅराफिन माणसाला पडलेला प्रश्न

हिंगणा, नागपूर
२२ मार्च १९७६

ती. यमुताईस,

सविनय जयभीम. मी खुशाल आहे. तुझ्या गुडघ्याची सूज आणि भाऊजींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो.

मी वाडीला मुलगी पाहायला गेलो होतो, त्याची हकीकत मनकर्णामावशीने कळवली असेलच. पण मावशी त्या वेळी पोहे खात होती (आणि पोहे खाताना तिला ऐकू येत नाही), म्हणून खरं काय ते मी सांगतो. कार्यक्रम माझ्या मते उत्तम झाला. मुलीच्या वडिलांनी, दादाजींनी, स्वभाव विचारला. निर्व्यसनी, मनमिळाऊ वगैरे सगळेच म्हणतात. मी मेणबत्तीच्या कारखान्यातला माणूस. आमच्या केमिस्टसाहेबांनी मागेच सांगितलं होतं की आपल्या मेणाला पॅराफिन म्हणतात आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'ओढ कमी' (त्यातल्या कर्बाचे चारही हात आधीच गुंतलेले, म्हणून ते दुसऱ्या कोणाशी सहसा संयोग पावत नाही, याला संपृक्त म्हणतात). मलाही ना दारूची ओढ, ना पत्त्यांची. तेव्हा मी ठामपणे म्हणालो, "मी पॅराफिन माणूस आहे."

दादाजींचा चेहरा उजळला. "मंजे मातीच्या तेलाची सोय आहे म्हना!" (त्यांच्या जुन्या डिक्शनरीत पॅराफिन म्हणजे रॉकेल, आणि रांगेत उभं राहून त्यांची कंबर गेलेली.) मी गैरसमज दूर करून, केमिस्टसाहेबांच्याच शब्दांत, अर्थ समजावला. तिथे थोडं चुकलं. मुलगी, पुष्पलता, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे, हे मावशीने मला सांगितलं नव्हतं. बशा उचलता उचलता ती म्हणाली, "कोनाची ओढ नाही, चारही हात गुंतलेले, मंग लगन काहून करून राहिले जी? अन् हार कोनत्या हातानं घालान?"

सगळे हसले. मीही हसलो, फक्त जरा उशिरा. शास्त्रीयदृष्ट्या माझं बरोबरच होतं. स्थळ गेलं तर गेलं, मला फरक पडत नाही.

तुझा,
बळीराम

ता. क. : स्थळ गेलेलं नाही. आत्ताच निरोप आला की ओढ आहे की नाही, ते मुलाने स्वतः लिहून द्यावं, येत्या रविवारच्या आत.

ता. क. २ : चार कागद फाडले. प्रत्येकात कर्ब येतो. मले तेच पाहिजे वं ताई, दुसरी कोनी नको. हे शुद्ध भाषेत कसं लिहितात, तेवढं उलट टपाली कळव.