आराम म्हणायची सवय

अव्वा,

तुला मराठी वाचता येत न्हवतं, आणि मला आता कन्नड बोलता येत न्हाई. तरी लिहायलेय. तिथं कुणीतरी वाचून दाखवील तुला. न्हाई दाखवलं तर माझं मन तरी मोकळं होईल.

भालकीहून टमटममधनं घरी येत होते. मागून पिकअपनं ठोकलं आणि मी डांबरावर डोक्यावर पडले. कलबुर्गीच्या दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा ह्यांना ओळखलं, पाणी मागितलं, सगळं मराठीत. मग शेजारच्या खाटेवरची बाई काहीतरी विचारायली, तर मला नुसते आवाज ऐकू यायले. कन्नड होतं ते, अव्वा. ज्या भाषेत तू मला न्हाऊ घातलंस, शिव्या घातल्यास, निजवलंस, तीच नेमकी गेली. डॉक्टर म्हणले, डोक्याला मार लागल्यावर असं होतंय कधी कधी, एक भाषा राहती, एक जाती. अप्पांची मराठी राहिली, तुझं कन्नड गेलं. लेकरं कुणाची भाषा बोलणार ह्यावरनं तुमचं जन्मभर भांडण होतं, आता अप्पाच जिंकले म्हण.

लोकांना काही पटंना. हात-पाय धड, चालती-फिरती, हिला काय झालंय? पर चिटगुप्प्यातलं आपलं दुकान तुला ठाऊक हाय. साडी काय कापडानं विकती व्हय? बोलण्यानं विकती. खेड्यांतल्या बाया यायच्या, कन्नडात विचारायच्या, मी खुळ्यावानी बघत बसायची, आणि त्या शेजारच्या दुकानात जायच्या. म्हणून आम्ही भरपाईचा दावा लावला. कलबुर्गीला बोलायला शिकवणारी एक मॅडम हाय, तिच्याकडं वरीसभर तरी जावं लागंल, तोवर दुकान टिकाय पायजे. भरपाई न्हाई मिळाली तर दुकान बी गेलं आणि भाषा बी गेली, असं होतं.

पहिल्याच साक्षीला मी सगळं मातीत घातलं. जज्ज बाई होत्या. मला उभी केल्यावर त्यांनी मायेनं विचारलं, "हेगिद्दीरम्मा?" कशी हायस, एवढंच. आणि माझ्या तोंडातनं खणखणीत निघालं, "आराम अदीन्री! नीवु?" मी बरी हाय म्हणाले, वर उलटं त्यांनाच विचारलं, तुम्ही कशा! अख्खं कोर्ट हसलं. पिकअपच्या विमावाल्यांचा वकील टुणकन उठला, "बघा मॅडम, कन्नड बी येतंय आणि बरी बी हाय!" आमच्या वकीलबाईनं कपाळाला हात लावला. भाईर आल्यावर म्हणली, "अक्का, कामून म्हणलात तसं?" काय सांगू तिला? ते मी न्हाई, तू बोललीस.

मी लहान हाय. तू चुलीपुढं भाकरी थापायलीस. निर्णा गावची मावशी आलीय, मला विचारायलीय कशी हायस म्हणून. मी सांगते, पोट दुखायलंय. मावशी उठून हात धुवायला जाती आणि तू पिठाच्या हातानं माझ्या दंडाला असा चिमटा काढतीस की डोळ्यांत पाणी. कुणी बी विचारलं तर आराम म्हणायचं, आपलं दुखणं लोकांच्या ताटात वाढायचं न्हाई. हे तू कन्नडात बोललीस, मला आता अर्थ तेवढा आठवतोय, शब्द न्हाईत. दंडावर पीठ होतं ते आठवतंय.

आणि तू तसंच निभावलंस. पोटात गाठ वाढत होती, येईल त्याला आराम. सोयऱ्यांना आराम, शेजारणीला आराम. शेवटी दवाखान्यात नेलं तर डॉक्टरला बी आराम! त्याला तरी सांगायचं होतंस की गं! तिथं काय लाजायचं? मला अजून राग येतो तुझा.

दुसऱ्या तारखेला आमची एक जुनी गिऱ्हाईक साक्षीला आली, शेतकऱ्याची म्हातारी. ती काय म्हणली ते वकीलबाईनं मला मराठीत सांगितलं, "हिच्यासंगं भाव करण्यात माझा जन्म गेला. एकदा बी मला जिंकू दिलं न्हाई. आता मी म्हणेल त्या भावाला मान हलवती. मलाच लाज वाटायली, म्हणून जायचं सोडलं." डॉक्टरनं बी सांगितलं की पाठ झालेले बोल तोंडात राहतात, बाकीचं जातंय. मग जज्ज बाईंनी परत मलाच विचारलं, "हेगिद्दीरम्मा?"

वकीलबाईनं बजावलं होतं, गप बसा. पर तोंड आपसूक उघडलं. "आराम..." आणि मी थांबले. सगळे बघायलेत. कुठनं कोण जाणे, एक शब्द वर आला. "...इल्लरी." आराम इल्लरी. न्हाई हो, मी बरी न्हाई. आणि मी मोठ्यानं रडले. वकीलबाईनं पुन्हा कपाळ धरलं, तो विमावाल्यांचा वकील पुन्हा उठला. जज्ज बाईंनी त्याला हातानं बसवलं आणि बराच येळ लिहीत राहिल्या.

निकाल आपल्या बाजूनं लागला. विमावाले वरच्या कोर्टात जातो म्हणायलेत, जाऊ देत. मी बसनं कलबुर्गीला जाते. शिकवणारी मॅडम चित्रं दाखवती. मिठाचं उप्पु आलं, दुधाचं हालु आलं, परवा डाळीला ब्याळी म्हणले तर तुझ्या वरणाचा वासच आला. ती म्हातारी बी परत येती. माझं कन्नड दुरुस्त करती आणि त्याबद्दल साडीचा भाव पाडून घेती, लबाड कुठली!

हे पत्र कुठं टाकणार? इरकली साडीच्या घडीत ठेवते. एक गोष्ट तेवढी वकीलबाईला सांगितली न्हाई. त्या दिवशी कोर्टात उभी होते तेव्हा माझ्या डोक्याचा मार माझ्या ध्यानातच न्हवता. दवाखान्यातली तुझी खाट दिसायली. डॉक्टर वाकून विचारायलाय, आणि तू तोंड उघडायलीस. ह्या खेपेला तुझ्या आधी मी बोलले.