पुराव्याची भजी

नाशिक, २२ नोव्हेंबर २००३

प्रिय सुवर्णा,

मंगळवार, १८ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुमच्या खात्याची जीप माझ्या फाटकाशी थांबली आणि तिच्यातून तू सोडून सगळे उतरले. ही तक्रार आधी नोंदवून घे. मग सप्रेम नमस्कार, गुडघे कसे आहेत, दिल्लीची थंडी सुरू झाली का, वगैरे.

विद्यापीठातलं संशोधन बाजारात नेण्यासाठी सरकारी मदत, ही तुमची योजना मी नीट वाचली आहे (कॉन्व्हेंटच्या नन्सनी सूचना दोनदा वाचायला शिकवलं, तुमच्याकडे एकदा तरी वाचतात का, शंका आहे). निम्मा खर्च सरकारचा, निम्मा कारखानदाराचा. अंबडचे कारखानदार पुंजारामशेठ म्हणतात, "मॅडम, दिल्लीची सही आणा, मी लगेच करतो." दिल्ली म्हणते, आधी शेठची आणा. दोघंही दारात उभे राहून एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणताहेत, आणि आपण दोघींनी प्रयोगशाळेत एका टेबलाशी बसून आखलेली ती कांदे टिकवायची छोटी हवेशीर पेटी माझ्या पडवीत निवृत्त होऊन पडली आहे. माझ्यासारखीच.

पाहणी म्हणजे काय, तर एप्रिलमध्ये पेटीत भरलेले देवळ्याचे कांदे नोव्हेंबरात कसे आहेत ते बघायचं. मी तुझी खुर्चीही मांडली होती, कारण पाहणी कमिटीच्या पत्रात सदस्य म्हणून तुझं नाव छापलेलं होतं. तुमचे साहेब म्हणाले, "त्यांना मीटिंग आली." (तुला मीटिंग कायमच येते, सर्दीसारखी.) मी त्यांना योजनेतल्या चुका समजावत होते, तेवढ्यात माझ्याकडे स्वयंपाक करणाऱ्या वत्सलाबाई गरम भजी घेऊन आल्या. साहेबांनी पुन्हा पुन्हा मागून घेतली. मग हात पुसून म्हणाले, आता कांदे दाखवा. मी पेटी उघडली. रिकामी.

"अहो जहिदाबाई," वत्सलाबाई म्हणाल्या, "टोपलीतल्या कांद्यांना हे एवढाले कोंब. पाहुण्यांना तसले घालू? पेटीतले कसे, कालच शेतातून काढल्यासारखे होते."

याहून चांगलं प्रमाणपत्र कुठल्या प्रयोगशाळेने दिलं असतं, सांग. पण कमिटीने लिहिलं, नमुना उपलब्ध नाही. नमुना त्यांच्या पोटात होता. तसं लिहायला त्यांच्याकडे रकाना नसावा. फेरपाहणी व्हावी असा शेरा मारून मंडळी ओठ पुसत गेली.

तुझ्यासाठी पंचवटीच्या बाजारातून सीताफळं आणली होती. ती कुणालाही दिली नाहीत. गुरुवारपर्यंत ठेवली, मग टाकून दिली. कांदा सात महिने टिकवायला आपण शिकलो. सीताफळाचं पुढच्या वर्षी बघू म्हणालो होतो, आणि तू दिल्लीला गेलीस.

तुझी,
जहिदा

ता. क. वत्सलाबाईंवर रागावू नकोस. पाहुण्यांसमोर काय ठेवावं हे त्यांना कळतं. पाहुणे कुणाला म्हणावं एवढंच चुकलं.

आणखी एक. आपण पेट्या दोन केल्या होत्या, आठवतं? दुसरी माझ्या खोलीत खिडकीशी आहे, भरलेली, एकाही कांद्याला कोंब नाही. ती मी कमिटीला दाखवली नाही. दाखवली असती तर बाकीचं सगळं टपालाने उरकलं असतं आणि तुला नाशिकला यायचं कारण उरलं नसतं. तू समोर असलीस तरच उघडेन. फेरपाहणीला कोण येणार ते १० डिसेंबरच्या आत लेखी कळव, आणि स्वतःच्या अक्षरात. तुझं छापील नाव मी आता ग्राह्य धरत नाही.