स्वभाव : शक्की

मु. केदारखेडा, ता. भोकरदन
दि. ३ डिसेंबर २०२५, बुधवार

चि. सौ. शिवकन्या हीस,

सासूचा आशीर्वाद. तो तू घेशील की उंबऱ्याबाहेर ठेवशील हे मला माहीत नाही, पण पत्राला सुरुवात करायची तर दुसरं काही सुचत नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. माझा भाऊ रखमाजी रेणुकाईच्या दर्शनाला तुमच्या पिंपळगावला निघाला आहे, त्याच्या हाती हे पाकीट देते. फोन केला असता, पण तुझा फोन इथंच राहिला आणि तुझे वडील माझा उचलत नाहीत. मुद्दाम उचलत नाहीत, हे मला कळतं.

कापसाची दुसरी वेचणी आटोपली. काळ्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही पांढरी. शेळी काळी, बोकड काळा आणि करडं पांढरी, म्हणजे यात काहीतरी गडबड आहे असं मी तुझ्या सासऱ्यांना म्हणाले. ते म्हणाले, "आता शेळीलाबी सोडू नको तू." तेव्हापासून ते जास्त वेळ गोठ्यातच बसतात.

माझा लेक परमेश्वर बरा आहे. कामावर जातो, जेवतो. माझ्याशी बोलतो, म्हणजे "मीठ दे" एवढं बोलतो. तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. त्या दिवशी घरात आवाज जरा वाढला, पण चार भांडी असली की वाजायचीच. ते असो.

मुद्द्याचं लिहिते. तुझ्या फोनमधला तो घर-संसाराचा खेळ मी उघडून बघितला. फोन कसा उघडला ते विचारू नकोस. तू बोट कसं नागमोडी फिरवतेस ते मी भाकरी थापताथापता बघून ठेवलं होतं.

माझा संशय उगाच नव्हता, हेही तुला सांगून ठेवते. दिवाळीआधी तू मागच्या दाराशी उभी राहून तुझ्या मैत्रिणीला, त्या मीनाला, सांगत होतीस, "मीने, स्लॅब पडला बघ. आता निस्ती फरशी राह्यली. मंग माणसं राहायला आणते." मी शेळीला पाला टाकत होते, हातातला पाला तसाच राहिला. आपल्याकडे सून स्लॅबच्या गोष्टी करायला लागली की त्याचा अर्थ एकच होतो, पोरगं वेगळं निघणार. एकुलता एक आहे माझा. मी रखमाजीला भोकरदनला पाठवलं. तो बिचारा दिवसभर नव्या प्लॉटांवर हिंडून "शिवकन्याबाईचं बांधकाम कुठं चालू हाय?" असं विचारत राहिला. एका गवंड्यानं त्याला चहा पाजला आणि रखमाजीच्याच घराचं काम मागितलं.

तू गेल्यावर परमेश्वरनं सांगितलं की ते बांधकाम खेळातलं आहे आणि खेळ फुकट आहे. मला तेही पटलं नाही. फुकट घर, फुकट पलंग, फुकट स्वयंपाकाचा ओटा, असं कोण कुणाला देतं? म्हणून मी स्वतः तपास करायला बसले. तर तुझी माणसं अंगणात उपाशी बसलेली. त्यांच्या डोक्यावर भुकेची लाल रेघ लागली होती. खोटी का असेनात, माणसं उपाशी बघवेनात, म्हणून त्यांना जेवू घातलं. जेवण संपलं की जाहिरात बघावी लागते, मग पुन्हा पीठ मिळतं. म्हणजे फुकट नाहीच ते, डोळ्यांचं भाडं घेतात. तरी आता रोज दोन वेळा जेवू घालते. तुझ्या सासऱ्यांना सांगितलं आहे की मी पुरावा गोळा करून राहिले.

पुरावा सापडलाही. तुझ्या त्या घरात मी दोनच माणसं धरली होती, तू आणि परमेश्वर. माणसं निघाली चार. एक म्हातारा झाडाखाली बसलेला, आणि एक म्हातारी, हिरव्या लुगड्यातली. आता ही म्हातारी कोण? हिरवं मी नेसते, पण तुझी आईही नेसते. दोन दिवस मला झोप लागली नाही. आईला आणून ठेवलंस आणि सासूला गाळलंस, असंच मी धरून चालले होते. मग त्या म्हातारीवर बोट दाबलं तर हिंदीत सगळी माहिती आली. आवड : चाय. स्वभाव : शक्की.

मग कळलं, ती मीच.

राग आला, लपवत नाही. पण खोली मात्र तू तिला अंगणाकडच्या खिडकीची दिलीस. शक्की बाईला कुणी अशी खोली देतं का? दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवत बसेल ना ती! आणि मुळात जी सून वेगळं निघणार आहे, ती सासूला खोली कशाला देईल? हा प्रश्न मी मलाच विचारला आणि उत्तर आलं तसा फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या म्हातारीला घरभर फिरवलं. स्वयंपाकघरात गेली, न्हाणीत गेली, म्हाताऱ्याजवळही जाऊन बसली. तुझ्या खोलीत मात्र जाईना. मी पाच वेळा बोट दाबलं. ती दारापर्यंत जायची, मान हलवायची आणि गुपचूप मागं फिरायची. परमेश्वरला विचारलं. बऱ्याच दिवसांनी तो सरळ माझ्याकडे बघून बोलला, "आई, ती खोली तिची हाय. तिनं बंद केली तर दुसऱ्याला आत जाता येत न्हाई. खेळातबी."

"खेळातबी" म्हणाला तो.

शिवकन्या, आवाज वाढला असं मी वर लिहिलं, ते खरं नाही. तुझा आवाज वाढलाच नव्हता. तू विहिरीवर धुण्याला गेली होतीस. शेजारच्या साळूबाई आणि उषाबाई ओसरीवर बसल्या होत्या. माझी सून वेगळं घर बांधून राहिली, त्याचे कागद तिच्या पेटीत आहेत, असं मी त्यांना छातीठोक सांगितलं. माहेरून आलेली पेटी सुनेची असते, तिला हात लावत नाहीत, हे मला माहीत होतं. माझ्या सासूनं, इतकी कडक असून, माझ्या पेटीला कधी हात लावला नाही. मी वरवंट्यानं तुझं कुलूप फोडलं.

कागद एकच निघाला, दहावीचं गुणपत्रक. मी ते मोठ्यानं वाचलं. गणित बावीस, नापास, हे दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा उषाबाईला नीट ऐकू आलं नव्हतं. सुपारीच्या वेळी आम्हाला पास सांगितलं होतं, म्हणून मी चेकाळले. घराचा कागद नव्हता, तर नव्हता, पण काहीतरी सापडलं याचाच मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मला आनंद झाला होता.

तू दारात ओलं धुणं घेऊन उभी होतीस. रडली नाहीस. फोन काढून पेटीवर ठेवलास आणि म्हणालीस, "आत्याबाई, हे बी घ्या. ह्यालाबी कुलूप हाय, तेबी तोडा." त्या शब्दाला मी आजपर्यंत उद्धटपणा म्हणत आले. तो उद्धटपणा नव्हता.

येत्या रविवारी, सात तारखेला, त्याच दोघींना मी चहाला बोलावलं आहे. त्याच ओसरीवर, त्यांच्यासमोर, मी चुकले असं म्हणणार आहे, आणि उषाबाईला ऐकू आलं नाही तर दोनदा म्हणणार आहे. तू असलीस तरी म्हणणार, नसलीस तरी म्हणणार. तू यावंस म्हणून हे करते असं समजू नकोस. अर्थात यावंस असं वाटतं. रोज वाटतं. जीपचा आवाज आला की मी ओसरीवर येते, आणि तुझे सासरे म्हणतात, "आता कोणावर नजर ठेवून राह्यली?" त्यांना मी खरं सांगत नाही.

पेटीला नवं कुलूप आणलं आहे. त्याच्या दोन किल्ल्या येतात. एक माझ्याकडे असू द्यावी असं मनात आलं होतं, स्वभावाला काय करणार. पण दोन्ही पाकिटात घातल्या आहेत. रखमाजीसमोर मोजून घे. गुणपत्रकही सोबत आहे. घरात पुन्हा कुणी वाचलेलं नाही, मीही नाही.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. सांगावासा वाटला तरच.

तुझ्या पेटीचं कुलूप फोडणारी,
आसराबाई