कारंज्यातली गाडी आणि तुझ्या कंपनीची बाजू

चिरंजीव गोट्यास,

आत्याचे मनापासून आशीर्वाद. तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतोस ना? (फोटोत बारीक दिसतोस. तुझी आई म्हणते, तो कॅमेऱ्याचा कोन आहे. तिला एकदा कोन सापडला की तिची काळजी मिटते.) इकडे तुझे काका खुशाल आहेत आणि मी प्रसिद्ध आहे.

तू पाठवलेलं कंपनीचं निवेदन मिळालं. लोक तुमच्या कंपनीला शिव्या देतात आणि माझा भाचा त्यांना सभ्य भाषेत उत्तरं लिहितो, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगते. या वेळी शिव्या देणारी मीच निघाले, म्हणून आधी काय घडलं ते सांगते आणि मग तुझी उत्तरं तपासते.

माझ्याकडे गाडी शिकायला दातांची एक डॉक्टर येते. लोकांच्या तोंडात ड्रिल घालताना तिचा हात हलत नाही, पण स्टिअरिंग धरलं की तिचीच दातखीळ बसते. गेल्या महिन्यात ग्रंथालयासमोरच्या चौकात समोरून सायकल आली (बिचारी आपल्या बाजूनं चालली होती), आणि बाईंनी डोळे मिटून ॲक्सिलरेटर दाबला. मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबून गाडी वळवली म्हणून सायकलवाला वाचला, पण पुढची दोन्ही चाकं कारंज्याच्या कठड्यावर चढली. खिडकीतून पाणी थेट आत. बाई हुंदके द्यायला लागल्या. अशा वेळी शिकणाऱ्यावर ओरडायचं नसतं. मी थर्मास काढला, त्यांना चहा पाजला आणि उरलेला स्वतः प्यायले. कुणीतरी नेमका तेवढाच व्हिडिओ काढून तुमच्या कंपनीच्या ॲपवर टाकला: कारंज्यात गाडी, गाडीत मी, हातात थर्मासचं झाकण आणि चेहऱ्यावर समाधान. वर लिहिलं, ‘दारू पिऊन गाडी शिकवणाऱ्या बाई’.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे मीच. शिकायला येणारे एकेक करून गळाले. कुणाची पाठ धरली, कुणाला अचानक चालण्याचे फायदे पटले. औषधाच्या दुकानदारानं खोकल्याची बाटली देताना हळूच सांगितलं, “काकू, यात अल्कोहोल नाहीये हं.” आणि तुझे काका खालच्या प्रतिक्रिया मला मोठ्यानं वाचून दाखवत होते, तेही आवाज बदलून बदलून.

आता तुझं निवेदन. तू म्हणतोस, कंपनी फक्त रस्ता देते, चालवणारे लोक वेगळे. गोट्या, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे. तो असताना ‘स्टिअरिंग बाईंच्या हातात होतं’ असं पोलिसांना सांगून चालत नाही. (मी सांगून बघितलं.) त्या खोट्या ओळीबद्दल मी केलेल्या तक्रारीवर ‘तपासलं, नियमात बसतं’ असं उत्तर तुमच्याकडून आलं, म्हणजे ब्रेक तुमच्याकडेही आहे, फक्त त्यावर पाय नाही. मग म्हणतोस, माणसं आधीपासूनच चहाडखोर आहेत. हे मात्र मान्य. आमच्या खालची शिलाईवाली पूर्वी घरोघर बातम्या पोचवायची, पण तिचे गुडघे दुखायचे, त्यामुळे बदनामी दुसऱ्या मजल्यावर थांबायची. तुम्ही बदनामीला नवे गुडघे बसवून दिलेत! शिवाय, ज्याला नको त्यानं बघू नये, असंही आहे त्यात. म्हणून मी फोन कपाटात ठेवला. एवढंच झालं की औषधवाला का हसतोय ते मला कळेना.

पण ‘आम्ही माणसं जोडतो’ या वाक्याशी मी अडले. कारण चौथ्या दिवशी कपाटातला फोन वाजला; गाडीवर लिहिलेला माझा नंबर व्हिडिओत वाचून ढमीनं केला होता. ढमी म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसणारी. तिचं घर दूर गेलं आणि पत्रं थांबली. ती म्हणाली, “सगळे बोंबलत असताना समोरच्याला आधी चहा पाजणारी बाई जगात एकच आहे. आणि तू दारू पीत असतीस, तर माझ्याशिवाय प्यायली नसतीस.” मी हसता हसता रडले. तिचे यजमान गेल्या वर्षी गेले. घर खायला उठतं, म्हणून फोनवर अनोळखी चेहरे बघत बसते म्हणाली, आणि त्यात मी निघाले. आता हे कुठल्या पारड्यात टाकू?

बराच विचार केला. ढमीनं मला चेहऱ्यावरून ओळखलं, वरच्या खोट्या ओळीवरून नाही. ती ओळ तुम्ही पुसली असतीत, तरी ढमी सापडलीच असती आणि माझे विद्यार्थीही टिकले असते. तेव्हा जोडल्याबद्दल उपकार, पण तो खोटेपणाचा परवाना नव्हे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा फोटो लावून खरी हकीकत लिहिली. ती फार थोड्यांनी वाचली, तरी त्यातले दोघं शिकायला परत आले. तुझ्या साहेबांना हे वाचून दाखव. तू गुणी आहेस, हे मला ठाऊक आहे; उत्तरं छान लिहितोस, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

जिवाला जप.

तुझी,
आत्या

ता.क. – व्हिडिओ लगेच काढायला लावू नकोस. ढमी तो रोज बघते. फक्त ती ओळ काढ.

ता.क. दुसरा – खरं काम राहिलंच. ढमीनं आणि मी मिळून घाबरणाऱ्यांना गाडी शिकवणारे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आहे. पहिला फक्त तुझ्या काकांनी बघितला, तोही पळवत. कुणाला काय दाखवायचं हे कंपनी ठरवत नाही, असं तू लिहिलंयस. ते मी मनावर घेतलेलं नाही. आमचा व्हिडिओ जरा चार लोकांपुढे सरकव. ते जमत नसेल, तर निदान खाली प्रतिक्रियांत येऊन आम्हाला दोन शिव्या घाल. ढमी म्हणते, भांडण दिसलं की गर्दी जमते.