काकासाहेबांच्या गाडीतली टकटक

थाटीपुर, ग्वाल्हेर
मंगळवार, अंगारकी

तीर्थरूप काकासाहेबांच्या चरणी संग्रामसिंहाचा नमस्कार. बडोद्याची हवा आपणांस मानवली असेल, गुडघा चालता असेल आणि काकूसाहेबांचा खोकला गेला असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही तिघेही खुशाल आहोत. म्हणजे आईसाहेब आणि निधी खुशाल आहेत. माझा उजवा कोपर वळत नाही आणि आज अंगारकी असल्यामुळे मी उपाशी आहे. (ही बत्तिसावी संकष्टी, मी वहीत टिपून ठेवतो. तीन दसऱ्यांमागे पूजेतली गणपतीची सुपारी मी खाल्ली असे आपण सर्वांसमक्ष ठरवलेत, तेव्हापासूनचा हा नेम आहे.) कोपर का वळत नाही, हे कळवण्यासाठी पत्र लिहीत आहे. फोन करता आला असता, परंतु फोनवर आपण माझे दुसरे वाक्य पुरे होऊ देत नाही. हे मी रागाने नाही, अनुभवाने लिहीत आहे.

आपण बडोद्यास मुलाकडे राहायला गेलात तेव्हा आपली पांढरी गाडी आमच्याकडे ठेवून गेलात, ते उपकार मी विसरलेलो नाही. त्या गाडीचा हीटर आईसाहेबांनी कधी लावू दिला नव्हता (त्यांचे डोके दुखते). या जानेवारीत थंडी हाडांत शिरली तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, लाव बाबा एकदा. मी बटण निळ्या टोकाकडून लाल टोकाकडे फिरवले. हवा इतकी उबदार आली, की शेजारचे रमाकांतजी रोज सकाळी आमच्या उभ्या गाडीत पेपर वाचायला येऊ लागले. एप्रिल लागला, मी बटण परत निळ्याकडे नेले, एसी लावला, आणि भडभुंज्याच्या भट्टीसमोर उभे राहावे तशी हवा तोंडावर आली. सोबत डॅशबोर्डाच्या आतून आवाज : टक, टक, टक. जणू आत कोणी कोंडले आहे आणि सभ्यपणे दार ठोठावत आहे.

आता यात माझे काय अडले, असे आपण म्हणाल. काकासाहेब, मला काम मिळत आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या डॉक्टर सीमंतिनीबाईंना रोज नया बाज़ारातल्या दवाखान्यात नेऊन आणायला माणूस आणि गाडी हवी आहे. बारावी अर्धी सोडलेल्या माणसाला ग्वाल्हेरात दुसरे कोण विचारते? त्यांची एकच अट होती, गाडी थंड पाहिजे. नमुन्याची फेरी केली ती दुपारी दोनला. पडावाच्या चौकात त्यांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाल्या, "संग्राम, मी लोकांना वाफ घ्यायला सांगते रे. स्वतः घ्यायला नाही बसले." त्यांनी मला येत्या सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर त्या दुसरी गाडी बघतील, आणि का बघू नये?

म्हणून मी किला गेटला लक्ष्मीकांत मिस्त्रीकडे गेलो. त्याने बॉनेटही उघडले नाही. कान लावून टकटक ऐकली, जसा वैद्य नाडी बघतो, आणि म्हणाला, "भैयाजी, पूरा डैशबोर्ड खुलेगा. आठ दिन गाड़ी छोड़ जाओ." मी विचारले, आठ दिवस का? तर म्हणे, खोलायला एक दिवस, बाकीचे बसवताना लागतात. (हे तो हसत म्हणाला. माझ्या आयुष्याचा प्रश्न होता आणि तो हसला.) एवढे मात्र त्याने सांगितले, की आत गरम आणि थंड हवेच्या मध्ये एक पडदा असतो, त्याला फिरवणारी मुठीएवढी मोटर असते, आणि टकटक झाली म्हणजे तिचे दाते गेले समजा. हे ऐकून मी घरी आलो, एक व्हिडिओ पाहिला आणि ठरवले की ती मोटर मी स्वतः बदलणार.

त्या व्हिडिओवाल्याचे मला एकदा तोंड बघायचे आहे. तो म्हणतो, वीस मिनिटांचे काम. त्याच्या गाडीतला डावीकडचा खण एका झटक्यात निघतो. आपल्या गाडीतला निघायला दोन तास लागले, कारण आपण तो कधीकाळी फेविकॉलने चिकटवलेला आहे. मोटर आणली तर तिचा दांडा उलट्या बाजूला. ती बदलायला गेलो तर दुकानदार म्हणतो, डबा उघडला की पुर्जा तुमचा. अरे, डबा न उघडता आत काय आहे हे मला कसे कळणार? मी भट्टी झालेल्या गाडीत बसून तीन फेऱ्या केल्या आणि मगच त्याने बदलून दिली. मी प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर लिहून आईसाहेबांच्या रिकाम्या मिसळणाच्या डब्यात खणाखणात ठेवला होता. डबा रिकामा नव्हता, धुऊन वाळत ठेवलेला होता, आणि त्यांनी तो भरला. आठांपैकी सात स्क्रू मोहरीतून निवडून मिळाले. आठवा रात्रीच्या वरणात निधीला सापडला. "दादा, तू ना, रहने दे प्लीज," एवढेच ती म्हणाली, पण आईसाहेबांनी ज्या नजरेने पाहिले ती मला पुष्कळ दिवस पुरेल.

तीन दिवस मी खाली डोके, वर पाय अशा स्थितीत त्या गाडीत होतो. डोके पायपुशीवर, पाय दाराबाहेर. रमाकांतजी रोज सकाळी पेपर घेऊन यायचे, माझ्या पायांकडे बघून विचारायचे, "कुछ गिर गया है क्या, भैया?" पहिल्या दिवशी मी नम्रपणे नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी नुसतेच नाही म्हटले. तिसऱ्या दिवशी मी जे बोललो त्याची मी क्षमा मागितली आहे. कारण नवी मोटर बसवली, बटण फिरवले, आणि आतून आवाज आला : टक, टक, टक.

मी स्टिअरिंगवर डोके ठेवून बसलो. मग मोटर पुन्हा काढून पडदाच बोटाने ढकलून पाहिला. तो निळ्याकडे अर्धा जाऊन अडत होता. म्हणजे बिचारी जुनी मोटरही निर्दोष होती, तिला कोणी पुढे जाऊ देत नव्हते. माझा हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला (तोच हा कोपर). शेवटी निधीने बारीक हात घातला. आधी तांदूळ निघाले, हळद लागलेले. मग शमीची वाळलेली पाने. मग झेंडूच्या पाकळ्या. मग ती म्हणाली, "दादा, गोल काहीतरी आहे," आणि तिच्या तळहातावर, कुंकू लागलेली, तीन दसऱ्यांमागची सुपारी आली.

काकासाहेब, आता तो दिवस आठवावा. आजोबांची तलवार बॉनेटवर ठेवली होती. आपण डॅशबोर्डावर विड्याच्या पानावर सुपारी मांडून गणपतीची स्थापना केलीत. उदबत्त्या खोचायला जागा नव्हती, म्हणून काचेखालच्या जाळीत खोचल्यात, त्यातली एक पट्टी वितळून तुटली. मी तेव्हाच म्हणालो होतो, पण माझे ते दुसरे वाक्य होते. मग चाकाखाली लिंबे ठेवून आपण गाडी अशी काही झटक्यात पुढे काढलीत, की रमाकांतजी कुंपणापलीकडे गेले. गाडी थांबली तेव्हा पान होते, सुपारी नव्हती. आणि माझे तोंड हलत होते. मी त्या काळी सुपारी खात असे, हे मी नाकारत नाही. पण ती माझी होती, पुडीतली, गोड. आपण मोठ्याने म्हणालात, "लेका, देव खाल्लास?" त्यानंतर या घरात पेढा कमी भरला तरी सगळे माझ्याकडे बघतात.

मला माफी नको आहे. वडील माणसांनी माफी मागावी असे मला शिकवलेले नाही. पडदा आता मोकळा फिरतो, गाडीत इतके गार होते की काल आईसाहेबांनी शाल मागितली. आपणांस सत्य कळावे, एवढाच हेतू. काकूसाहेबांना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक (आणि निर्दोष)
संग्रामसिंह

ता. क. : खरे काम लिहायचे राहिले. आईसाहेब म्हणतात की स्थापना जयसिंहरावांनी, म्हणजे आपण, केली, उत्तरपूजा झालेली नाही, म्हणून देव अजून बसलेलेच आहेत, आणि ते उठेपर्यंत गाडी घराबाहेर जाणार नाही. सुपारी त्यांनी पुसून, नव्या पानावर, डॅशबोर्डावर होती तिथेच पुन्हा ठेवली आहे. तुटलेल्या जाळीवर मी चिकटपट्टी लावणार होतो, तर म्हणाल्या, देवासमोर ते बरे दिसत नाही. तरी आपण सोमवारच्या आत त्यांना फोन करून बडोद्याहूनच अक्षता टाकाव्यात आणि गणपतीला मोकळे करावे. मग मी सीमंतिनीबाईंकडे जाईन. पत्राचा फोटो निधी पाठवत आहे, अक्षर नीट वाचता येईल.

ता. क. दुसरे : फोटो काढण्यापूर्वी लिहीत आहे. गाडीवर ऊन आले म्हणून निधीने ती हातभर मागे घेऊन सावलीत लावली. आता पान आहे, सुपारी नाही. आतून टकटक सुरू झाली आहे, पण ती कोणी ऐकत नाही. सगळे अंगणात उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत आहेत. काकासाहेब, आज माझा उपास आहे, निदान एवढे तरी आईसाहेबांना सांगा.